कान उघडे ठेवून ऐकायचंय? बोन कंडक्शन, ओपन-इअर की ट्रान्सपरन्सी मोड

सकाळी फिरताना काहीतरी ऐकायचं आहे, पण मागून येणारी ई-रिक्षाही कळली पाहिजे, अशी अट असेल तर समोर चार वाटा आहेत. बोन कंडक्शन, कानाबाहेर अडकवायचे ओपन-इअर, ट्रान्सपरन्सी मोडवाले इअरबड आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे आहे तोच इअरबड एका कानात. ई-रिक्षा मुद्दाम म्हटलं. बुलेट दोन चौक आधी कळते, बॅटरीवरची गाडी मात्र खेटून गेली की समजते.

एका कानाचा पर्याय आधीच बाजूला काढतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मेंदू मुख्यतः दोन कानांत तो पोहोचण्याच्या वेळेतल्या आणि जोरातल्या फरकावरून ठरवतो. हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एक कान बुजला की हॉर्न ऐकू येतो, पण कुठून ते पटकन उमगत नाही. बागेत बाकावर बसून बातम्या ऐकायला ठीक, रस्त्यावर नको.

बोन कंडक्शनमध्ये कानात काहीच जात नाही. कानासमोर गालाच्या हाडावर दोन छोट्या गाद्या टेकतात, त्या थरथरतात आणि ती कंपनं कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत जातात. कानाची वाट मोकळी राहते, त्यामुळे कुत्र्याचं गुरगुरणं, सायकलची घंटी, "काका, जरा बाजूने" हे सगळं नेहमीसारखं आणि नेहमीच्या दिशेने ऐकू येतं. शॉक्झ कंपनीचा ओपनरन घ्या, वजन २६ ग्रॅम, एका चार्जिंगमध्ये ८ तास, आयपी६७. म्हणजे घाम आणि जूनमधली अचानक आलेली सर, दोन्हीची काळजी नाही.

पण घेताना जपून. हजार-दीड हजारात "बोन कंडक्शन" छापलेले डबे मिळतात आणि त्यातल्या कित्येकांत कानाजवळ टेकणारा साधा स्पीकरच असतो. नागपुरात बर्डीच्या बाजारात दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. गाणं लावा आणि दोन्ही कानांत बोटं घाला. खरं बोन कंडक्शन असेल तर आवाज टिकतो, उलट आणखी भरीव होतो, बेस वाढतो. साधा स्पीकर असेल तर आवाज दबतो. दुकानदार म्हणेल, "बोनच आहे भाऊ, बिनधास्त न्या." तुम्ही म्हणा, "बोट घातलं तर आवाज कमी येऊन राहिला ना," आणि डबा परत ठेवा.

आता उणी बाजू, आणि ती लहान नाही. कान उघडे असल्यामुळे बाहेरचा गोंगाटही पूर्णच्या पूर्ण आत येतो. सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा अंबाझरीच्या काठावर पॉडकास्टचा शब्द न् शब्द कळतो. तोच माणूस दहाच्या सुमारास वर्धा रोडवर, त्या ३.१४ किलोमीटरच्या डबल-डेकर पुलाखाली आला की संपलं. वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली बस-ट्रक, आणि सगळा आवाज खांबांमध्ये घुमतो. मग आपण आवाज वाढवतो, गाद्या गालाला गुदगुल्या करायला लागतात आणि निवेदकाचं वाक्य तरीही अर्धंच कळतं. मेट्रोच्या डब्यात हाच वाढवलेला आवाज शेजारच्यालाही ऐकू जातो. रोजचा मेट्रोचा प्रवास हेच मुख्य कारण असेल तर बोन कंडक्शनवर पैसे घालू नका.

गाण्याचंही तसंच. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा आणि सिनेमातल्या गाण्यांचा बेस इथे पातळ होतो. बोलण्याचा आवाज मात्र उत्तम येतो. शॉक्झने २०२४ मध्ये आणलेल्या ओपनरन प्रो २ मध्ये खालच्या सुरांसाठी वेगळा साधा स्पीकरच बसवला. हाडाची मर्यादा कंपनीनेच मान्य केली, असं मी त्यातून समजतो.

ओपन-इअर म्हणजे कानावर आकड्यासारखा किंवा क्लिपसारखा बसणारा छोटा स्पीकर, आवाज हवेतून कानात सोडणारा. गाणी बोन कंडक्शनपेक्षा भरीव लागतात, गालाला कंप नाही, तासन् तास घातला तरी दुखत नाही. गोंगाटात तोही हरतो. आणि आपल्याकडे एक अडचण खास आहे, ती म्हणजे दुपट्टा. मार्च उलटला की नागपुरात डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडणं नाही. घट्ट बांधलेल्या कापडाखाली क्लिप सरकते आणि स्पीकरचं तोंड भलतीकडेच वळतं. बोन कंडक्शनची पट्टी मानेमागून जाते, तिच्यावरून दुपट्टा बांधला तर गाद्या उलट नीट टेकतात. चष्मा असेल तर मात्र कानाच्या वर दांडी, पट्टी आणि कापड अशी तिघांची गर्दी होते. चष्मेवाल्यांनी आपला चष्मा लावूनच दुकानात घालून बघावा.

ट्रान्सपरन्सी मोड ही वेगळीच गोष्ट. कान रबराने बंद होतो आणि बाहेरचा आवाज माइक पकडून आत ऐकवतो. घरात, ऑफिसात, मेट्रोत याच्याइतकं सोयीचं काही नाही. एक बटण दाबलं की बाहेरचं जग बंद, पुन्हा दाबलं की सुरू. गाणी चारही पर्यायांत इथेच सगळ्यात चांगली. पण सायकलवर वारा माइकवर आदळतो आणि कानात फरफर सुरू होते. दुपट्टा घासला तर खरखर. बॅटरी संपली तर कानात निव्वळ बूच उरतं. शिवाय उन्हाळ्यात घामाने आणि पावसाळ्यात दमटपणाने बंद कान ओलसर राहतो. बुरशीचा त्रास वारंवार होणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.

आणखी एक बाब जाहिरातीत नसते. कान मोकळे असले तरी ऐकणारा आतला कान एकच आहे. हाडातून आलेला मोठा आवाज बाहेरचा बारीक आवाज झाकून टाकतोच. त्यामुळे ढणढण गाणी लावली तर मागची ई-रिक्षा बोन कंडक्शनमध्येही हुकते. साधं माप म्हणजे चालताना स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू आला पाहिजे. "कानात काही नाही, मग कानाला धोका नाही" हाही गैरसमज. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगते. नाजूक पेशी आतल्या कानात असतात आणि हाडातून गेलेला आवाजही तिथेच पोहोचतो.

दुचाकीवर यातलं काहीच नको. हेल्मेट गाद्या गालात रुतवतं, वारा घोंघावतो, आणि लक्ष फोनवरच्या बोलण्यात गुंतलं की समोरचा खड्डा दिसत नाही.

तर माझा कौल असा. पहाटे किंवा संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर चालणं, धावणं, सायकल, आणि ऐकायला बातम्या, मुलाखती, ऑडिओबुक: बोन कंडक्शन, आणि परवडत असेल तर नावाजलेल्या कंपनीचाच. घरात काम करता करता गाणी आणि दारावरची बेल: ओपन-इअर. दिवस मेट्रोत आणि ऑफिसात जात असेल तर ट्रान्सपरन्सी मोडवाले इअरबड घ्या आणि फिरायला जाताना ते घरी ठेवा. पोहण्यासाठी हवा असेल तर मेमरीत गाणी भरता येणारं बोन कंडक्शन मॉडेल बघा, कारण ब्लूटूथ पाण्याखाली चालत नाही.

घरातल्या वयस्कांना कमी ऐकू येतं म्हणून बोन कंडक्शन घ्यायचा विचार असेल तर आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असेल तर हाडातून आलेला आवाज त्यांना स्पष्ट लागू शकतो. दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा असेल, आणि वयामुळे येणारा बहिरेपणा बहुधा तसाच असतो, तर या हेडफोनने फारसा फरक पडणार नाही. तेव्हा तो पैसा श्रवणयंत्राकडे वळवा.