कोच व्हावं की पंच?

गुडघ्याने एकदाचा नकार दिला की कबड्डीवाल्यापुढे दोनच रस्ते उरतात. कोच, नाहीतर पंच. (शेती असतेच, तिला कोणी रस्ता म्हणत नाही.) विदर्भाच्या संघातून चढाईला जायचो, एकतिसाव्या वर्षी थांबलो. आधी तीन हंगाम कोच होतो, आता पंच आहे. मानधन, पतियाळाचा कोच होण्याचा कोर्स, पंच परीक्षा यांत शिरत नाही. ते तुम्ही विचारून घेतलं असेलच.

कोचिंगची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल करतो. पोरं जीव लावतात, गावात ‘सर’ म्हणतात, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी साडेपाचला मैदानावर जायला निमित्त राहतं. या निमित्ताची किंमत थांबल्यानंतरचे पहिले सहा महिने काढलेल्यालाच कळते. तुरीच्या धुऱ्यावर उभा असताना मी एकदा गुडघ्याची पट्टी आवळायला वाकलो. गुडघ्याला पट्टीच नव्हती.

माणूस स्वतःला कितपत ‘खेळाडूच’ समजतो हे तपासायला अमेरिकेतल्या ब्रूअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये एक प्रश्नावली मांडली. तिच्यात एक विधान आहे, माझे बहुतेक मित्र खेळाडू आहेत अशा अर्थाचं. आमच्या दर्यापूर तालुक्यात एकेका गल्लीतून पाच-पाच जण संघात असतात, तिथे दुसरं उत्तर येणार कुठून! पण ज्याचं सगळं या एकाच ओळखीवर उभं, त्याला थांबणं जड जातं, हे पटतं. अभिनव बिंद्रासारखा माणूस २००८ च्या बीजिंगमधल्या सुवर्णानंतर आलेल्या रितेपणाबद्दल उघड बोलला आहे. आपली काय कथा?

मग ओळख टिकवणारं कोचिंगच बरं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं.

बिनसलं ते एका वाक्यावर. कापूस वेचून झाला की आमच्याकडे रात्रीचे सामने सुरू होतात. काळ्या मातीवर मुरूम टाकून मैदान, हॅलोजन, माईकवाला. माझी पोरं खेळायची, मी बाजूला खुर्चीवर. मध्यंतर झालं की माईकवाला हमखास सुरू करायचा, “आपल्यात भाऊ बसले आहेत! भाऊ, एक चढाई होऊन जाऊ द्या नं!” पब्लिक टाळ्या पिटायची. नाही म्हटलं तर गर्व झाला, हो म्हटलं तर गुडघा. पहिल्या वर्षी तीनदा गेलो. समोरची पोरं मुद्दाम सोडायची, हात लावू द्यायची. त्या फुकटच्या गुणांनी जेवढं खचलो, तेवढा हरूनही कधी खचलो नव्हतो. तिसऱ्या हंगामात मी मध्यंतराला पाणी प्यायच्या निमित्ताने मंडपामागे जाऊन उभा राहू लागलो. बायको म्हणाली, “खेळ सोडला म्हणता, मंग तो तुम्हाले काऊन सोडत नाही?”

पंचाला कोणी चढाई मागत नाही. पंचगिरीचा सगळ्यात मोठा फायदा मला तरी हाच वाटला. बाकी तोटेच. शिव्या खाव्या लागतात, जेवण शेवटच्या पंगतीला, ‘सर’ जाऊन ‘ओ पंच’ उरतं. पण ३० सेकंदांच्या चढाईत नजर दुसऱ्याच्या पायावर ठेवावी लागते, स्वतःचा पाय आठवायला सवड नसते. खेळ हाताच्या अंतरावर, आणि त्यात मी नाही. पहिला महिना हे बोचलं. नंतर झोप लागायला लागली.

माझ्यावरून सगळ्यांचं ठरवू नका. शिकवायची मुळातच आवड असेल, किंवा तुम्ही कोपऱ्यात पकडीला खेळलेले असाल, तर कदाचित कोचिंग मानवेल. पकड करणाऱ्याला मध्यंतरात कोणी बोलावत नाही. माझा एक जोडीदार दहा वर्षं कोच आहे, सुखात आहे. पण थांबून वर्ष झालं नसेल तर निदान एक हंगाम शिट्टी घेऊन पाहा. कोचिंग कुठे पळून जात नाही.

मागच्या थंडीतली गोष्ट. समोर सहा जण, चढाईवाल्या पोराने बोनस रेषा ओलांडली, पण मागचा पाय जमिनीला टेकलेला. मी बोनस दिला नाही. विशीतलं पोरगं, अंगावर धावून आलं. “ओ पंच, कधी खेळला का तुम्ही कबड्डी?”

मी शिट्टी वाजवली आणि पुढची चढाई सुरू केली.