डेव्हिल्स लेक की आयटास्का: तंबू कुठे ठोकायचा?

मे महिना आला की आमच्या ग्रुपमध्ये दर वर्षी हाच प्रश्न फिरायला लागतो, आई-बाबा आलेत इंडियाहून, मुलांना सुट्टी लागतेय, दोन रात्री कॅम्पिंगला जायचंय, तर विस्कॉन्सिनचं डेव्हिल्स लेक का आपलं मिनेसोटातलं आयटास्का? मिनियापोलिसकरांची पंचाईत अशी की अंतराने काही ठरत नाही. नाइन्टी-फोर हायवेवरून पूर्वेला गेलात तर साधारण साडेतीन तासांत डेव्हिल्स लेक, आणि सेंट क्लाउड, वाडीना, पार्क रॅपिड्स करत वर गेलात तर साडेतीन-चार तासांत आयटास्का. दोन्ही स्टेट पार्क, दोन्हीकडे तळं, दोन्ही शंभर वर्षांपेक्षा जुनी. आम्ही दोन्हीकडे दोन-तीनदा राहिलोय, एकदा मुलं लहान असताना, एकदा मित्रमंडळींबरोबर आणि एकदा माझे आई-बाबा आणि सासूबाई अशी तीन ज्येष्ठ मंडळी घेऊन, त्यामुळे फोटो बघून सांगत नाहीये.

माझं मत आधीच सांगून टाकते. डेव्हिल्स लेकला तंबू फक्त पाठ टेकायला लागतो, दिवसभर तुम्ही बाहेरच असता. आयटास्काला मात्र तंबूपाशीच खुर्ची टाकून बसून राहावंसं वाटतं. तुम्हाला ह्यातलं काय हवंय ते एकदा ठरलं की बाकीचं सोपं आहे.

डेव्हिल्स लेक दिसायला जास्त भारी आहे, ह्यात वादच नाही. बॅराबू गावाजवळ, दोन्ही बाजूंना ५०० फुटी कडे आणि मधे ३६० एकरांचं तळं. कड्यांचा दगड गुलाबी-जांभळा क्वार्ट्झाइट आहे, वय दीड अब्ज वर्षांच्या वर, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट त्याच्यापुढे अगदीच कालचं पोरगं. पूर्वी ह्या घळीतून नदी जायची म्हणे, मग हिमयुगात बर्फाने ढकलत आणलेला दगड-मातीचा ढिगारा दोन्ही तोंडांशी बसला आणि मधे पाणी अडकलं. आजही तळ्यातून बाहेर वाहणारा ओढा नाही. बाबा हे ऐकून लगेच म्हणाले, म्हणजे आपल्या लोणारसारखंच की! लोणार उल्केमुळे झालं आणि हे बर्फामुळे, आणि इथे पाणी खारं नाही तर चांगलं पोहण्यासारखं आहे, पण बाहेर वाट नसलेलं पाणी हे खरंच.

नावाची गंमत म्हणजे इथले मूळ रहिवासी होचंक लोक ह्याला पवित्र तळं म्हणायचे, गोऱ्यांनी त्याचं भाषांतर करताना सैतान आणून बसवला. होचंकांच्या पूर्वजांनी बांधलेले, पक्षी आणि प्राण्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे अजून आहेत, साधारण हजार वर्षं जुने. दक्षिण किनाऱ्याचा पक्षी जमिनीवरून पटकन कळत नाही, आम्ही तर पहिल्यांदा त्याच्या पंखाजवळून जाऊनही पाटी वाचेपर्यंत काही समजलो नव्हतो. त्यावर चढायचं नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पुढे १८७३ मध्ये रेल्वे आली, तळ्याकाठी हॉटेलं उभी राहिली, शिकागोची श्रीमंत मंडळी हवा खायला यायला लागली, आणि १९११ मध्ये स्टेट पार्क झालं.

ते रूळ अजून तिथेच आहेत बरं का, तळ्याच्या पूर्वेच्या काठाने. आम्ही होतो त्या रात्री मालगाडी गेली, दोन्ही कड्यांमधे तो आवाज असा काही घुमला की सासूबाई तंबूत उठून बसल्या आणि विचारायला लागल्या, कुठलं स्टेशन आलं?

आता चालण्याचं. ईस्ट ब्लफवर, म्हणजे पूर्वेच्या कड्यावर, बॅलन्स्ड रॉक आणि डेव्हिल्स डोअरवे ह्या दगडांच्या रचना आहेत, वर जायला दगडी पायऱ्या, १९३० च्या दशकात मंदीच्या वेळी सरकारने बेकार पोरांना कामं दिली होती त्या सीसीसीच्या पोरांनी ह्या पार्कात बरंच बांधकाम केलंय. गड चढायची सवय असेल तर मजा येईल, राजगडाइतकं काही नाही, पण पायऱ्या उंच आणि वेड्यावाकड्या आहेत आणि गुडघ्यांची तक्रार असेल तर उतरताना रडू येतं. आम्ही आईला टंबल्ड रॉक्स नावाच्या खालच्या वाटेने नेलं, पश्चिम काठाला मोठमोठ्या शिळांमधून जाते, चढ नाही, तरी दगड वरखाली आहेत त्यामुळे साडी आणि सपाता घालून नको. बूट घालायला लावा, भांडण झालं तरी चालेल.

गर्दी मात्र जाम. विस्कॉन्सिनमधलं सगळ्यात जास्त लोक येणारं स्टेट पार्क आहे हे, वर्षाला वीस लाखांच्या वर माणसं. उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी उशिरा पोचलात तर पार्किंगसाठी घिरट्या घालाव्या लागतात, उत्तरेच्या बीचवर तर गणपतीच्या खरेदीला दादरला गेल्यासारखं वाटतं. तळ्यात पेट्रोलच्या बोटींना बंदी आहे, त्यामुळे पाण्यावर तरी शांतता असते, कायाक घेऊन मधे गेलात की कडे अंगावर आल्यासारखे दिसतात, ते एक नक्की करा. लाइफगार्ड नसतो, दोन्ही पार्कांत नाही, तेव्हा मुलांवर नजर ठेवायचं काम तुमचंच.

कॅम्पग्राउंड तीन आहेत, क्वार्ट्झाइट, नॉर्दर्न लाइट्स आणि आइस एज, मिळून चारशेच्या वर जागा. क्वार्ट्झाइट बीचला जवळ पण मोकळंढाकळं, शेजारच्यांची भाजी कुठली ते कळेल इतकं. आइस एज लांब आहे पण झाडी बरी. आणि रॅकून! रात्री खाणं पळवणाऱ्या ह्या प्राण्याला कमी लेखू नका. आम्ही रात्री भाकरवडीचा डबा टेबलावर विसरलो, झाकण फिरकीचं होतं म्हणून निवांत होतो, सकाळी डबा वीस फुटांवर उघडा, आत नुसता मसाला आणि टेबलावर मातीचे हाताचे ठसे, अगदी लहान मुलाच्या हातासारखे, पाचही बोटं दिसत होती. झाकण मात्र शाबूत, फिरवूनच उघडलेलं.

आयटास्का दिसायला एवढं नाट्यमय नाही. कडे नाहीत, डोंगर नाहीत, पाइनची उंच झाडं आणि पाणी, पाणी आणि झाडं. पहिल्यांदा गेलेले काही जण म्हणतातही, एवढंच? पण पार्क ३२,००० एकरांच्या वर आहे, आत शंभराहून जास्त तळी, डेव्हिल्स लेकच्या पार्काच्या तिपटीहून मोठं, त्यामुळे माणसं असली तरी अंगावर येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे इथून मिसिसिपी निघते.

हे आपल्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. नदीचा उगम म्हटलं की ब्रह्मगिरी आठवतो, महाबळेश्वरचं गोमुख आठवतं. आयटास्का तळ्याच्या उत्तर टोकाला दगडांची एक रांग आहे, तिच्यावरून पाणी खाली येतं आणि पलीकडे जे गुडघाभर वाहतं तीच मिसिसिपी, लोक त्या दगडांवरून चालत ती पार करतात. बाजूला झाडाचा जाड बुंधा उभा केलाय, त्यावर कोरलंय की समुद्रसपाटीपासून १४७५ फुटांवर नदी इथे निघते आणि २,५५२ मैल वाहून मेक्सिकोच्या आखाताला मिळते. बाबांनी पँट दुमडली, चप्पल हातात घेतली, मधे जाऊन ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि हळूच विचारलं, इथे नाणं टाकलं तर चालतं का गं? नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले. आई काठावरच्या ओंडक्यावर पाय पाण्यात सोडून जवळजवळ तासभर बसली होती. डेव्हिल्स लेकला ती पंधरा मिनिटांत "झालं ना बघून?" म्हणाली होती.

हा उगम थोडा सजवलेला आहे हेही सांगते. मुळात तिथे दलदल होती, तीसच्या दशकात ती साफ करून दगड मांडले, पायवाट केली. बाबांना हे मी परत येताना गाडीत सांगितलं, ते म्हणाले गोमुख तरी कुठे गाईने केलंय.

इतिहास इथे पण आहे आणि मला तो जास्त आवडतो. आयटास्का हे नाव ऐकायला इथल्या लोकांच्या भाषेतलं वाटतं पण तसं नाही, १८३२ मध्ये स्कूलक्राफ्ट नावाच्या साहेबाला ओझाविंडिब ह्या इथल्या मूळ ओजिब्वे लोकांतल्या वाटाड्याने इथवर आणलं आणि साहेबाने व्हेरिटास कापुट म्हणजे खरं डोकं, अशा दोन लॅटिन शब्दांच्या मधली अक्षरं कापून नाव बनवलं. १८९१ मध्ये पार्क झालं, मिनेसोटातलं सगळ्यात पहिलं, आणि विधिमंडळात ते फक्त एका मताने पास झालं. तरी लाकूडतोड चालूच होती. १९०३ मध्ये मेरी गिब्ज नावाची २४ वर्षांची मुलगी, वडील गेल्यावर त्यांच्या जागी पार्कची कमिशनर झाली. लाकूड कंपनीने बांध घालून पाणी अडवलं होतं, काठची झाडं बुडत होती, ही दरवाजे उघडायला गेली तर तिथल्या माणसाने गोळी घालायची धमकी दिली, आणि ही तरी मागे हटली नाही. उगमाजवळच्या सेंटरला तिचंच नाव आहे. प्रीचर्स ग्रोव्हमधे अडीचशे वर्षांपेक्षा जुने रेड पाइन उभे आहेत, त्यांच्याखाली उभं राहून ही गोष्ट मुलांना सांगा, वाय-फाय का नाही हा विषय दहा मिनिटं तरी बंद होतो.

राहायला बेअर पॉ आणि पाइन रिज अशी दोन कॅम्पग्राउंड, मिळून दोनशेच्या वर जागा, शॉवर, फ्लशचं टॉयलेट सगळं आहे. बेअर पॉ तळ्याजवळ, तिथे थोड्या कार्ट-इन जागा आहेत, म्हणजे गाडी लांब लावायची आणि सामान ढकलगाडीवरून न्यायचं. जरा कटकट आहे पण शेजारी गाडीचे दिवे आणि दरवाज्यांची धडधड नाही. रात्री लून पक्षी ओरडतो, पहिल्यांदा ऐकलं तर कोणीतरी रडतंय असंच वाटतं. ज्यांना जमिनीवर झोपणं आता जमत नाही त्यांच्यासाठी १९०५ ची डग्लस लॉज आहे, आम्ही तिसऱ्या वेळी तेच केलं, ज्येष्ठ मंडळी लॉजमधे, आम्ही तंबूत, सकाळच्या चहाला सगळे आमच्याकडे. डेव्हिल्स लेकला पार्कात अशी सोय नाही, जवळच्या गावात हॉटेल घ्यावं लागतं, मग एकत्र जाण्याची गंमत निम्मी होते.

एक चूक आमची ऐका. मिनेसोटाच्या पार्कांत रात्री १० ते सकाळी ८ शांतता पाळायची असते. आईने साडेसहाला उठून खिचडीचा कुकर लावला. तीन शिट्ट्या. त्या पाइनच्या जंगलात कुकरची शिट्टी काय वाटते हे मी सांगू शकत नाही, पलीकडच्या तंबूची चेन उघडून एक आजोबा बाहेर आले, भोंगा शोधत होते. नंतर त्यांना वाटीभर खिचडी दिली तेव्हा मिटलं. तर पातेलं न्या.

डास दोन्हीकडे, पण जून-जुलैत आयटास्काला जरा जास्तच आहेत. डासांचं जाळं असलेला मोठा मंडप घ्या आणि गोचिडी दोन्हीकडे रात्री अंगावर तपासा, मुलांच्या कानामागे, गुडघ्यामागे. आयटास्काला अस्वलं आहेत, काळी, त्यामुळे खाणं, टूथपेस्ट सकट, गाडीत बंद. थंडीही आहे, ऑगस्टमधे रात्री स्वेटर लागला आम्हाला, ब्लँकेटं जास्त न्या. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, किडे पसरतात म्हणून दोन्ही राज्यांत नियम आहेत, तिथेच घ्या.

पाऊस पडला तर? इथे डेव्हिल्स लेक सरळ जिंकतं. वीस मिनिटांवर विस्कॉन्सिन डेल्स हे गाव, तिथली छपराखालची वॉटर पार्क, आणि बॅराबूला सर्कसचं म्युझियम, रिंगलिंग भावांची सर्कस १८८४ मध्ये तिथूनच निघाली. आयटास्काला पाऊस म्हणजे तंबूत पत्ते. मुलं दहाच्या खालची असतील आणि हवामान डळमळीत असेल तर मी पण डेल्सच्या बाजूनेच मत देईन. तरुण मंडळी असाल, एक दिवस चढून दुसऱ्या दिवशी परत यायचंय तर डेव्हिल्स लेकच करा, फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरमधे मधल्या वारी. तीन रात्री असतील आणि बरोबर आई-बाबा असतील तर मला दुसरा विचारच सुचत नाही, आयटास्का.

पैशांचं म्हणाल तर मिनेसोटात गाडीचा पास दिवसाचा किंवा वर्षाचा घेता येतो, आणि तो सगळ्या स्टेट पार्कांना चालतो. विस्कॉन्सिनमधे बाहेरच्या राज्याची नंबर प्लेट दिसली की जास्त घेतात आणि डेव्हिल्स लेकला त्याहून थोडं जास्त. बुकिंगचा हिशेब मात्र एकदम वेगळा आहे आणि बरेच जण इथेच फसतात. विस्कॉन्सिनचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं, म्हणजे ४ जुलैच्या वीकेंडची जागा आदल्या ऑगस्टमधेच गेलेली असते, तुम्ही मे महिन्यात विचारताय तर फक्त कोणी कॅन्सल केलं तरच. मिनेसोटाचं १२० दिवस आधी उघडतं, म्हणजे ४ जुलैसाठी ६ मार्च. मे महिन्यात तो दिवस गेलेला असतो, पण मेच्या सुरुवातीला ऑगस्टअखेरच्या जागा उघडत असतात, रोज सकाळी एकेक दिवस. बेअर पॉच्या कार्ट-इनमधली तळ्याकडची एक जागा आम्हाला हवीये, नंबर मी सांगणार नाही.