आठ महिने ऑनलाइन व्यायाम वर्ग, फोन तुरीच्या डब्याला टेकवून

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहते, तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथालयात नोकरी करते. मागच्या ऑगस्टात विद्यापीठाच्या शारीरिक शिक्षण विभागाने झूमवरचे व्यायाम वर्ग संलग्न कॉलेजांच्या कर्मचाऱ्यांनाही खुले केले. अख्ख्या सत्राचे मिळून ३०० रुपये, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं. गेले तर तीनशे गेले, म्हणून नाव घातलं.

गावात व्यायामशाळा आहे, पण ती पोरांची. बाईमाणूस तिथे गेलं की दुसऱ्या दिवशी पारावर तोच विषय. तसं वऱ्हाडाला व्यायामाचं वावडं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, १९३६ साली तिथली मंडळी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली. आमचे मामाजी, म्हणजे सासरे, हे अजून छाती फुगवून सांगतात. सून ओसरीत उड्या मारू लागली तेव्हा मात्र ते पेपरात तोंड घालून बसले. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलंच, "दिवसभर पायावर असते, आता हे अजून काहून करून राह्यली वो?"

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते फोन ठेवायच्या जागेनं. वर्ग घेणाऱ्या मॅडमना आपण डोक्यापासून टाचेपर्यंत दिसायला हवं. ऑनलाइन मागवलेला स्टँड पंख्याच्या वाऱ्यानं आडवा व्हायचा. शेवटी पाटावर तुरीच्या डाळीचा डबा, त्याला टेकून फोन आणि फोन घसरू नये म्हणून पुढे लाटणं. बरोबर दिसायला इतकं मागे सरावं लागतं की टाचा उंबऱ्याला लागतात.

पण ही खटपट केली म्हणूनच पैसे वसूल झाले. तिसऱ्या आठवड्यात बैठका चालू असताना मॅडमनी नाव घेऊन हाक मारली, "डावा गुडघा आत पडतोय, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा." वीस-बावीस चौकोनांतून त्यांना माझा गुडघा दिसला! यूट्यूब पाहून मी दोन वर्षं तशाच बैठका मारत होते, तिथे कोण सांगणार? ग्रंथालयाची शिडी चढताना तो गुडघा कुरकुरायचा, आता क्वचित. दुसरं, पाठीऐवजी खुब्यातून वाकणं. मॅडमनी काठी पाठीवर उभी धरायला सांगितली: डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. घरात काठी नव्हती, मी तुराटी घेतली. पहिल्यांदा वाकले तशी डोक्यापासून सुटली. दिवाळीनंतर रविवारच्या वेचणीत कापसाचं गाठोडं उचलताना ती तुराटीच आठवायची. त्या हंगामात रात्री कंबर शेकावी लागली नाही.

आता त्रासाचं. मॅडम आपल्याकडे तोंड करून उभ्या असतात, म्हणजे त्यांचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो. झूममधलं ते मिररचं बटण फक्त आपलंच चित्र उलटं करतं, त्यांचं नाही. आमच्या मॅडम तोंडानं "उजवा" म्हणत स्वतःचा डावा उचलतात, म्हणून जमतं. त्यांच्या जागी एक सर आले होते, ते हे करत नसत. तो आठवडा निम्मा वर्ग एका बाजूला, निम्मा दुसऱ्या.

रोजच्या दीड जीबीतला मोठा घास वर्गच खातो. मॅडमना पिन करून बाकीचे चौकोन लपवले तर थोडा वाचतो. रेंज पडली की आवाज पुढे, चित्र मागे. अशा वेळी मी चित्राकडे बघत नाही, आकडे ऐकते.

सकाळी सहाचा वर्ग आमच्या कामाचा नाही, नळ त्याच वेळी येतो. संध्याकाळी साडेसहाचा बरा, पण एप्रिलमध्ये त्या वेळीही पत्रे तापलेलेच असतात. मॅडम म्हणतात, दहा मिनिटं वॉर्मअप. मॅडम, आम्ही मार्चपासून वॉर्मअपच आहोत! कूलर लावला तर सूचना ऐकू येत नाहीत.

कार्यालयाचा कारभार मात्र वैताग. दुसऱ्या सत्राचे पैसे यूपीआयनं कापले गेले, पण नाव यादीत यायला बारा दिवस लागले. फोन कुणी उचलत नाही. परीक्षांच्या काळात तीन आठवडे वर्ग बंद, ते भरून दिलेच नाहीत. रद्द झाल्याचा मेसेज तर दोनदा मी सतरंजी अंथरल्यावर आला. (महागाची मॅट घेऊ नका. शहाबादीवर माझी सरकायची, दुहेरी सतरंजीखाली ओलं गोणपाट टाकलं की हलत नाही.)

वजन फक्त दीड किलो उतरलं. त्यासाठी येत असाल तर निराश व्हाल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आपले तीन वर्ग १३५ मिनिटांचे. उरलेलं मी एसटी स्टँडवरून घरी चालत येऊन भरून काढते. कॅमेरा बंद ठेवून करणार असाल तर तीनशे रुपये वाचवा, यूट्यूब फुकट आहे.

आत्याबाई हल्ली शेवटच्या पाच मिनिटांना खुर्ची ओढून मागे बसतात आणि खांदे फिरवतात. मॅडमना त्या दिसतात, पण त्यांची फी मागितलेली नाही. पुढच्या सत्राचे पैसे कालच भरले, या वेळी पावतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.