खिशातला बारीक कॅमेरा: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

हातात मोबाईल असताना वेगळा कॅमेरा कशाला, हे घरच्यांनी विचारलं आणि नाशिकच्या एमजी रोडवरच्या दुकानदारानेही विचारलं. माझं उत्तर तेव्हा एकच होतं, झूम. वापरता वापरता त्यात फ्लॅशची भर पडली. या दोन गोष्टी सोडल्या तर चांगला मोबाईल जवळपास सगळ्यात पुढे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. या जाडीच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या पोटात साधारण तेच असतं: १/२.३ इंची सेन्सर (उजेड टिपणारा भाग), २० मेगापिक्सेल, १० पट ऑप्टिकल म्हणजे लेन्सनेच होणारा झूम (२४ ते २४० मिमी; आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं) आणि बंद केला की पूर्ण आत जाणारी लेन्स. शर्टाच्या खिशात घालून गोदाघाटावर फिरा, कोणी वळूनही बघत नाही. मोठा कॅमेरा गळ्यात असला की रामकुंडावर दोघं-तिघं तरी ‘कोणत्या पेपरचे?’ म्हणून विचारतात.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आख्ख्या नाशिकचं लक्ष गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरच पुराच्या गप्पा चालतात. अशा वेळी घाटावर उतरू देत नाहीत, लांबूनच बघावं लागतं. तिथे या कॅमेऱ्याने मला जिंकलं. मूर्तीला पाणी नेमकं कुठे टेकलंय ती रेघ, त्यावर अडकलेला पालापाचोळा, सगळं स्वच्छ. माझ्या मोबाईलने त्याच जागेवरून शेंदरी ठिपका दिला. मेनूत जाऊन डिजिटल झूम मात्र पहिल्याच दिवशी बंद करून टाका, तो नुसता फोटो कापून मोठा करतो.

पक्ष्यांसाठी घेणार असाल तर थांबा. नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जांभळी पाणकोंबडी काठाजवळ आली तर छान मिळते, पण पाण्याच्या मध्यावरची बदकं २४० मिमीत बदकं आहेत एवढंच कळतं. शिवाय या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी नाही, सगळी मदार मागच्या स्क्रीनवर. भर दुपारी त्या स्क्रीनवर पक्ष्याऐवजी स्वतःचंच तोंड दिसतं.

आता खरं दुखणं, उजेड. सेन्सर जेमतेम ६ मिमी रुंद. हल्लीच्या महागड्या मोबाईलचाही याहून मोठा असतो. त्यात लेन्सचं भोक रुंद बाजूला, म्हणजे झूम न करता, एफ ३.५ आणि झूम पूर्ण ओढला की एफ ६.९ (हा आकडा मोठा तेवढा उजेड कमी). म्हणजे झूम केल्यावर आत येणारा उजेड साधारण चौथाईवर येतो. रामकुंडावरची संध्याकाळची आरती झूम करून टिपायला जाल तर कॅमेरा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००वर नेतो, माणसांचे चेहरे मेणासारखे होतात आणि हलणारा हात पुसला जातो. फ्लॅश उडवला की दिव्यांचा रंगच जातो. मी आता झूम न करता, आयएसओ ४००वर बांधून, कॅमेरा कठड्यावर टेकवतो आणि दोन सेकंदांचा टायमर लावतो. ज्योती छान येतात, माणसं हलायची ती हलतातच.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतही तसंच. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतला ब्राह्मी शिलालेख फ्लॅशने काढलात तर अक्षरं सपाट होतात, कारण फ्लॅश लेन्सशेजारीच, समोरून मारणारा. खोदलेल्या अक्षराला सावली पाहिजे. बाजूने उजेड येत असेल तेव्हा, फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा खांबाला टेकवून काढा.

पण हाच फ्लॅश साखरपुड्यात, बारशाला भारी काम करतो. मोबाईलचा एलईडी नुसता दिवा असतो. हा झेनॉनचा आहे, एका क्षणात भपकन उजेड टाकतो, त्यामुळे नाचणारी पोरंही गोठतात. मर्यादा तीनेक मीटरची. मागच्या रांगेतले मामा-काका अंधारात राहतात आणि त्यावरून नंतर बोलणी खावी लागतात. कॉलेजची पोरं हल्ली हाच जुना फ्लॅशवाला लूक शोधत फिरतात, म्हणून जुन्या कॅमेऱ्यांचे भाव उगाच चढलेत.

बॅटरी बारकी. झूम आणि फ्लॅश दोन्ही वापरले तर सकाळी निघून दुपारच्या मिसळीपर्यंत लाल होते. दुसरी बॅटरी सोबतच घ्या. व्हिडिओबद्दल फार बोलण्यासारखं नाही, मोबाईल वापरा.

आणि धूळ. लेन्स आतबाहेर होताना हवा ओढते, हवेबरोबर धूळ. रंगपंचमीला रहाडीजवळ (रंग खेळायच्या हौदाजवळ) हा कॅमेरा मी नेतच नाही, रंगाची एक चिमूट लेन्सच्या फटीत गेली तरी नळी अडकू शकते. सेन्सरवर डाग बसला तर तो घरी पुसता येत नाही, अख्खा कॅमेरा उघडावा लागतो आणि मजुरी ऐकून माणूस गप्प बसतो. जुना घेत असाल तर दुकानातच झूम पूर्ण ओढून मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा, स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यांपर्यंत बघा. करडे ठिपके दिसले की भाव न करता परत द्या. मग चार-पाच वेळा चालू-बंद करून लेन्स करकरते का ते ऐका.