बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याने घातलेला ६७,७१३ रुपयांचा गंडा

कराडला आमचं किराणा आणि जनरल स्टोअर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकिलांनी सांगितलंय लिहू नको म्हणून, पण ज्यांनी त्यांचं बिलिंग घेतलंय त्यांना चार ओळी वाचल्या की कळेलच.

आधी आकडे. २०२१ ला 'लाइफटाइम' लायसन्स १८,५०० अधिक जीएसटी, म्हणजे २१,८३०. दोन वर्षांची एएमसी (वार्षिक देखभाल) ५,३१० प्रमाणे १०,६२०. २०२३ ला 'प्लस'वर अपग्रेड ११,५६४. सप्टेंबर २०२५ ला 'क्लाउड' १७,६९९. वर डेटा चढवायचे ६,००० रोख, त्याचं बिलच दिलं नाही. (रोख आणि बिल नाही म्हटलं की समजून जायचं.)

आता प्रत्येक वेळी काय थाप मारली ते ऐका. २०२३ ला डीलरचा माणूस आला, म्हणे १ एप्रिलपासून एडिट लॉग (कुठली नोंद कधी बदलली याची नोंद) सरकारने कंपल्सरी केलाय, तुमच्या व्हर्जनमध्ये तो नाही, नोटीस आली तर आम्हाला सांगू नका. नोटीस म्हटल्यावर कुठला दुकानदार गप्प बसेल? वर्षभराने सीए सहज बोलता बोलता म्हणाले की तो नियम कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना आहे, तुझं प्रोप्रायटरी दुकान, तुझा काय संबंध. ११,५६४ गेले ते गेले.

खरी कापाकापी झाली ती २०२५ च्या सप्टेंबरात. २२ सप्टेंबरला जीएसटीचे नवे दर लागू, त्याच दिवशी घटस्थापना. साबणाच्या वड्या, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ वर, तूप-फरसाण १२ वरून ५ वर, डिटर्जंट मात्र १८ वरच, म्हणजे एकाच रॅकवर दोन दर, आणि आमच्याकडे साडेतीन हजार आयटम. डीलर म्हणाला जुन्या व्हर्जनमध्ये नवे स्लॅब बसतच नाहीत, क्लाउड घ्या, एका रात्रीत सगळं करून देतो.

आणि इथेच माझं डोस्कं अजून फिरतं. त्यांचं पोरगं लॅपटॉप घेऊन डेमो द्यायला आलं, स्क्रीन निळीची हिरवी झालेली, वर नवीन लोगो. टेस्ट बिल काढलं तर प्रिंटरमधून चिठ्ठी आली आणि खाली छापलेलं 'धन्यवाद, पुन्हा भेट दया'. द्या नाही, दया! हीच चूक २०२१ च्या व्हर्जनमध्ये होती, प्लसमध्येही होती, मी फोन करून सांगितलेलं, गिऱ्हाइकं हसतात म्हणून. नव्याकोऱ्या सिस्टिममध्ये तीच चूक त्याच जागी येते कशी? मी पोराला विचारलं पण, तर म्हणालं सर टेम्प्लेट जुनं राहिलंय, उद्या बदलतो. बाहेर उदबत्ती-नारळाला गर्दी, फोन वाजतोय, मी चेक फाडला. आता घरचे म्हणतात बी.कॉम. होऊन कळलं नाही का, तर बाबांनो, त्या रात्री काउंटरवर उभं राहून बघा आणि मग बोला.

दिवाळीत मेहुणा आला, त्याचं विट्याला दुकान, त्याच्याकडे तेच २०२१ चं व्हर्जन, अपग्रेड कधी केलंच नाही. म्हणतो टॅक्स मास्टरमध्ये जाऊन रेट बदलला, ग्रुपला लावला, तासाभरात मोकळा!

मला तसं परत जाताही येईना, कारण क्लाउड चालू करताना त्यांनी जुनी लायसन्सची की (सॉफ्टवेअर उघडायचा कोड) बंद करून टाकलेली, एका जीएसटी नंबरवर एकच लायसन्स म्हणे. ६,००० घेऊन आयटम चढवले, उधारीची खाती चढवलीच नाहीत. १,८६,३४० रुपयांची उधारी त्या जुन्या डेटात अडकलीय. बॅकअपची फाइल माझ्याकडे आहे, पण डेटाबेसचा पासवर्ड त्यांच्याकडे, तो ते देत नाहीत. माझ्या गिऱ्हाइकांची नावं आणि मलाच कुलूप. वडील रोज ऐकवतात, वहीत लिहीत होतो तेव्हा असला ताप नव्हता.

पुढे तर कळसच. फेब्रुवारीत मेल आला की तो क्लाउड प्लॅन 'बंद' झालाय, ३१ मार्चच्या आत नवीन 'गोल्ड'वर या, २४,९९९ अधिक जीएसटी. माझे पैसे सप्टेंबरपर्यंतचे भरलेत! नाही म्हटलं तर १ एप्रिलपासून लॉगिन केलं की फक्त पैसे भरायचं पान उघडतं.

पोलीस स्टेशनला गेलो तर साहेब म्हणतात हे दिवाणी आहे, कोर्टात जा. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर म्हणे तुम्ही चेक स्वतःच्या सहीने दिलाय, ही ऑनलाइन फसवणूक नाही. मग कसली आहे? १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, तिथली बाई म्हणते तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. हे साफ चूक आहे, पोट भरायला स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक कायद्यात बसते, कायद्यातच लिहिलंय, पण फोनवर बसलेल्याला ते मीच वाचून दाखवायचं का? डीलर म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते डीलरला विचारा. पगार सगळ्यांचे चालू आहेत, बंद आहे ते माझं काउंटर.

आता साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात टाकता येते, बिलावर कंपनीने कुठल्याही शहराचं न्यायक्षेत्र छापलेलं असो. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे २०२३ चं प्रकरण बहुतेक हातचं गेलं. तुमचं ताजं असेल तर बसून राहू नका.

रोख देऊ नका. 'सरकारने कंपल्सरी केलंय' म्हणाला की आधी सीएला फोन, मग चहा. जुन्या लायसन्सची की बंद करू देऊ नका, महिनाभर दोन्ही चालू ठेवा म्हणावं. आणि ज्यांचं हेच सॉफ्टवेअर अजून उघडतंय त्यांनी आज रात्री दुकान बंद करायच्या आधी उधारीचं लेजर आणि आयटम मास्टर (मालाची यादी) एक्सेलमध्ये काढून पेनड्राइव्हवर ठेवा, बॅकअपच्या फाइलच्या भरवशावर राहू नका. कुणाकडे त्यांचा डेटाबेस उघडून देणारा खात्रीचा माणूस असेल तर कळवा, त्याचे पैसे मी देईन, पण बिल घेऊन.