सेकंड हँड १५ सुयांचं एम्ब्रॉयडरी मशीन: आवाजाचं रामायण आणि ८०० रुपयांची व्हिजिट

फीचर्स सांगत बसत नाही. सिंगल हेड, १५ सुया, टोपी भरायचं अटॅचमेंट. घेणाऱ्यांनी व्हिडिओ बघितलेलेच असतात. मी जुनं घेतलं, कारण नव्याचा हप्ता म्हणजे ब्लाउजची सगळी कमाई त्यातच. काम आजही सुबक येतं. पैठणीच्या ब्लाउजवर मोर भरून दिला की गिऱ्हाईक घासाघीस विसरतं. तक्रार आवाजाची आहे, आणि त्याहून जास्त आवाजाच्या नावावर पैसे काढणाऱ्यांची.

ऐन लग्नसराईत मशीन टकटक करायला लागलं. ज्याच्याकडून घेतलं त्याने माणूस पाठवला. व्हिजिटचे ८०० रुपये आधी. सुईखालच्या नीडल प्लेटचे स्क्रू न काढताच निदान झालं: "ताई, हुक गेलाय. नवा टाकावा लागेल." (हुक म्हणजे प्लेटखाली फिरून सुईचा धागा पकडणारा भाग.) शिवाय टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकाचा मेळ, लावायची मजुरी वेगळी. नुसतं उभं राहून ऐकायचे ८०० रुपये! कानाच्या डॉक्टरनेसुद्धा निदान कानात बॅटरी मारली असती.

त्याला चहा देऊन वाटेला लावलं आणि स्वतःच बसले. जुन्या मशीनवाल्यांना एकच सांगते: आवाज कसा येतो याच्या मागे लागू नका, कधी येतो ते बघा. स्पीड मिनिटाला ८५० टाक्यांवरून ५०० वर आणा. टकटकही संथ झाली तर भानगड सुईच्या किंवा हुकाच्या बाजूची. कापड धरणारी फ्रेम सरकतानाच आवाज येत असेल तर पट्टा नाहीतर रूळ. मशीन बंद करून फ्रेम हाताने हळू सरकवा, कुठे अडते ते हाताला कळतं. चालू असताना ढकलू नका, मोटरने ती धरून ठेवलेली असते. फक्त धागा कापताना आवाज असेल तर प्लेटखालची सुरी बघा, बहुतेक तुटका धागा अडकलेला असतो.

आता १५ सुयांचा खरा फायदा. तेच डिझाइन दुसऱ्या सुईवर चालवा. सगळ्या सुयांवर आवाज आला तर हुकाकडे बघा, हुक सगळ्यांना एकच असतो. एकाच सुईवर आला तर हुक निर्दोष, दोष त्या सुईचा, ती धरणाऱ्या दांड्याचा किंवा कापड दाबणाऱ्या फूटचा. माझा आवाज फक्त सात नंबरवर होता. पिसाऱ्याचा हिरवा धागा नेमका सातवर, मोर भरायला घेतला की बराच वेळ तीच सुई चालणार, म्हणून वाटायचं सगळं मशीनच वाजतंय. सुई काढून काचेवर लोळवली, सरळ होती. नवी घातली तरी टकटक तशीच. मग हेडचं पुढचं कव्हर काढलं. दांडा वर जाऊन जिथे टेकतो तिथली फेल्टची चकती झिजून कागद झाली होती. सगळ्या दांड्यांच्या चकत्या बदलल्या, व्हिजिटच्या निम्मेही लागले नाहीत.

एवढं लिहून ठेवलं होतं आणि पोस्ट करायच्या आधीच दुसरा आवाज आला. टकटक नाही, सलग घर्र, आणि सगळ्या सुयांवर. हुक एका टाक्याला दोन फेरे घेतो, त्यामुळे कोरडा पडला की ठोका ऐकू येत नाही, घरघर येते. बॉबिन केस काढली तर आत जरीचा भुगा आणि काळं कीट. ब्रशने साफ केलं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब हुकाच्या खाचेत टाकला. (खोबरेल नको, चिकट होऊन बसतं.) घरघर गेली, पण जरीचा धागा तुटायचं थांबेना. हुकाच्या टोकावरून नख फिरवलं तर ओरखडा लागला. बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासला, आता चालतंय. पण हा हुक फार दिवसांचा सोबती नाही हे दिसतंय.

म्हणजे तो माणूस बरोबर होता? मुळीच नाही. त्याने हुक बघितलाच नव्हता.

मशीनबद्दलचं मत मात्र बदललं. सीझन संपला की विकायचं ठरवलं होतं, आता ठेवतेय. पाचपैकी चार स्टार. एक कापला तो कव्हरच्या मागच्या स्क्रूसाठी, जो काढायला भिंतीपासून अख्खं मशीन ओढावं लागतं. हे डिझाइन करणाऱ्याच्या घरी भिंती नसाव्यात.

जुनं घ्यायला जाल तेव्हा आपलं डिझाइन पेन ड्राइव्हवर न्या. पंधराही सुया चालवून बघा, रंग बदलताना आणि धागा कापताना कान द्या, प्लेट उघडून हुकावर नख फिरवा. ओरखडा लागला तर नव्या हुकाचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. आणि विकणारा "आत्ता लाइट नाहीये, पण मशीन एकदम ओके आहे" म्हणाला, तर लाइट असेल तेव्हा परत जा.