लाल खुणा दाखवून लुटणारे: सिस्टिम फाइलींच्या नावाने मामांची झालेली फसवणूक

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘तुमची सिस्टिम धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ असं आलं, की तो नंबर चोराचाच समजा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एवढी एक गोष्ट माझ्या मामांना आधी कुणी सांगितली असती, तर त्यांचे १७,९९९ रुपये वाचले असते. ‘माझं नाव घालू नको, बाय, पण लिही. आमच्या वयाच्या माणसांना कळू दे,’ असं त्यांनीच सांगितलं म्हणून हे लिहिते आहे.

मामा गोव्यात साखळी गावी राहतात. निवृत्त शिक्षक. भजनी मंडळाचा हिशोब, वर्गणीच्या पावत्या, जुन्या वह्यांतले अभंग टाइप करून ठेवणं, हे सगळं त्यांच्या लॅपटॉपवर चालतं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली होती आणि प्रिंटर चालेना, म्हणून ते प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत होते. कुठल्याशा पानावर क्लिक केलं आणि सगळा पडदा निळा झाला, भोंगा वाजायला लागला, माउस हलेना. खाली मोठ्या अक्षरात तो नंबर. मामांनी फोन लावला.

खरं तर ते पान म्हणजे ब्राउझरने पूर्ण पडदाभर उघडलेली एक वेबसाइट, बाकी काही नाही. एस्केप थोडा वेळ दाबून धरायचं, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी, उघडायचा आणि ब्राउझर बंद करायचा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरायचं. लॅपटॉपला त्याने काही होत नाही.

फोनवरचा माणूस अतिशय आदराने बोलत होता. त्याने आधी एक ॲप उतरवून घ्यायला लावलं. त्यातून लॅपटॉपचा ताबा त्याच्याकडे गेला. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला आणि मामांना यादी दाखवली. लाल गोल, पिवळे त्रिकोण, पानंच्या पानं. ‘सर, ये सब एरर है. हैकर अंदर बैठा है.’

हा इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे इमारतीच्या राखणदाराची वही. कोण आलं, कोण गेलं, कुठलं दार उघडायला दोन सेकंद उशीर झाला, सगळं त्यात उतरतं. धडधाकट, कालच विकत घेतलेल्या लॅपटॉपवरही लाल खुणा असतात. डिस्ट्रिब्युटेड कॉम या नावाची १०,०१६ क्रमांकाची नोंद तर जवळजवळ प्रत्येक विंडोजवर सापडते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलं आहे. मामांच्या यादीत बहुतेक त्याच नोंदी होत्या. मी नंतर एकेक करून पाहिल्या.

पुढचा प्रकार जास्त चीड आणणारा. त्याने काळी कमांडची खिडकी उघडून ‘ट्री’ असं टाइप केलं. या कमांडचं काम एवढंच, की डिस्कवरच्या फोल्डरांची यादी दाखवायची. यादी मोठी असते, त्यामुळे ओळी सरसर वर पळत राहतात. मामांना सांगितलं, स्कॅनिंग चालू आहे. ओळी पळत असतानाच त्याने आपल्या कीबोर्डवरून इंग्रजीत ‘व्हायरस सापडला’ हे शब्द टाइप करून ठेवले. यादी थांबली आणि शेवटच्या ओळीवर ते शब्द उमटले. मामांना वाटलं, मशीनच सांगतं आहे.

मग आकड्यांची पाळी. ‘असॉक’ कमांड दिली की शेवटी एक लांबलचक क्रमांक दिसतो, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा. हा तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त परवाना क्रमांक, आणि बघा, आमच्याकडेही हाच आहे, म्हणजे आम्ही कंपनीचेच, असं तो म्हणाला. हा क्रमांक झिप फोल्डरच्या एका सोयीचा आहे आणि जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच असतो. मामांनी तो कागदावर लिहून पडताळून पाहिला होता. इतका सावध माणूस या चोरांनी त्याच सावधपणाचा फायदा घेऊन फसवला, याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी टास्क मॅनेजर. त्यात एसव्हीसीहोस्ट या नावाच्या ओळी साठ-सत्तर तरी होत्या. ‘एवढे हॅकर एकाच नावाने शिरलेत’ असं सांगून पाच वर्षांच्या सुरक्षेचे १७,९९९ रुपये यूपीआयने मागून घेतले. पैसे कुठल्या कंपनीच्या नाही, एका बाईच्या नावावर गेले.

मामांनी हे कुणाला सांगितलं नाही. चवथ झाली, पाहुणे गेले, तरी टास्क मॅनेजरमध्ये एसव्हीसीहोस्टच्या त्या ओळी दिसतच होत्या, तेव्हा त्यांनी स्वतःच त्या बंद करायला घेतल्या. विंडोजने इशारा दिला, तरी त्यांनी होकाराची खूण केली आणि पडदा निळा होऊन लॅपटॉप बंद पडला. मग मला पणजीला फोन आला. ‘बाय, यातल्या कुठल्या काढू आणि कुठल्या ठेवू?’

या प्रश्नाचं उत्तर फारसं कुणी नीट देत नाही, म्हणूनच या लोकांचा धंदा चालतो.

एसव्हीसीहोस्ट म्हणजे सर्व्हिस होस्ट. वायफाय, आवाज, अपडेट, छपाई अशा पडद्यामागच्या कामांना चालवणारी फाइल. पूर्वी अशी बरीच कामं एकाच ओळीत कोंबलेली असत. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक कामं वेगळ्या ओळीत चालतात, म्हणजे एक बिघडलं तर बाकीची पडत नाहीत. म्हणून ओळी जास्त दिसतात. त्यांची संख्या पाहून काहीच ठरवता येत नाही.

ठरतं ते फाइल कुठे राहते यावरून. ओळीवर उजवं क्लिक करून फाइलची जागा उघडायची. एसव्हीसीहोस्ट आणि विंडोजच्याच एलसास, सीएसआरएसएस, विनलॉगॉन या फाइली यांचं घर सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधलं सिस्टिम३२ हे फोल्डर. एक्सप्लोररची फाइल मात्र थेट विंडोज फोल्डरमध्ये असते, तिला पाहून दचकू नका. हीच नावं डाउनलोड्स, टेम्प किंवा ॲपडेटामधून चालताना दिसली तर खरी शंका घ्यायची. अक्षरंही नीट वाचायची. व्ही आणि सी ची अदलाबदल केलेला ‘एससीव्हीहोस्ट’ असतो, आणि एलसासच्या पहिल्या लहान एलच्या जागी मोठा आय घातला तर डोळ्याला फरक कळत नाही. शंका आली तरी हाताने काही काढू नका. विंडोज सिक्युरिटीचं ऑफलाइन स्कॅन चालवा. सिस्टिमची एखादी फाइल खराब झाली असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांडची खिडकी उघडून ‘एसएफसी /स्कॅननाउ’ (sfc /scannow) चालवलं की ती दुरुस्त होते.

जागा खाणाऱ्या फाइलींनाही हे लोक व्हायरस म्हणतात. पेजफाइल ही रॅम अपुरी पडली की वापरायची जागा. हायबरफिल ही हायबरनेटसाठी, म्हणजे चालू काम जपून लॅपटॉप बंद करण्यासाठी. विंडोजचे स्वतःचे भाग साठवणारं विनएसएक्सएस फोल्डर अवाढव्य दिसतं, पण त्याला हात लावायचा नाही, डिस्क क्लीनअपमधून विंडोजलाच आवरू द्यायचं. टेम्प हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर रिकामं केलं तर चालतं.

निरुपद्रवी फाइलीला बदनाम करण्याची ही युक्ती जुनीच आहे. २००२ मध्ये ‘जेडीबीजीएमजीआर’ नावाची फाइल व्हायरस आहे, लगेच काढा, असा ईमेल जगभर फिरला होता. तिचं चिन्ह अस्वलाच्या पिल्लाचं, म्हणून लोकांना पटलंही. ती विंडोजचीच, जावासाठीची फाइल होती. हजारो लोकांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली आणि पुढच्या हजारोंना ईमेल पाठवला. तेव्हा निदान कुणी पैसे मागत नव्हतं.

असं काही घडलंच तर पहिल्यांदा इंटरनेट तोडा, मग ते ताबा देणारं ॲप काढा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, त्याच लॅपटॉपवरून नको. मामांच्या बाबतीत मी पावत्या आणि अभंग पेन ड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने घातलं, कारण ताबा असताना त्या माणसाने मागे काय ठेवलं असेल याची खात्री देता येत नाही.

आणि त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे चोराच्या खात्यात असतील तोवर ते गोठवता येतात, पुढे सरकले की फार कठीण. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार होते, आणि गोव्यात सायबर गुन्ह्यांचं पोलीस ठाणं रायबंदरला आहे. बँकेलाही लगेच लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे, की ग्राहकाच्या चुकीमुळे त्याच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मामा लाजेने गप्प बसले, ते दिवस त्या चोरांच्या कामी आले. आम्ही तक्रार केली तेव्हा त्या खात्यात काहीच उरलं नव्हतं. तुमच्या घरातलं कुणी असं फसलं तर त्यांच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाहीत.

यातला दुसरा डाव काही आठवड्यांनी येतो. ‘आमची कंपनी बंद होते आहे, तुमचे पैसे परत करतो’ असा फोन येतो. पुन्हा ताबा मागतात, बँकेचं पान उघडायला लावतात आणि त्या पानावरचा आकडा आपल्या बाजूने बदलून दाखवतात. एक शून्य जास्त पडलं, आता माझी नोकरी जाईल, उरलेले लगेच परत पाठवा, म्हणून रडतात. खात्यात मुळात काहीच आलेलं नसतं, फक्त पडद्यावरचे आकडे बदललेले असतात. मामांना हा फोन आलाच. तो नंबर आम्ही तक्रारीच्या क्रमांकासह पोलिसांना कळवला.